कपाळाच्या हाडात श्रेष्ठत्व नसते

हातकणंगले तालुक्यातील माणगावात १९२० साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि जन्माच्या उच्चनीचतेवर घाव पडला. तिकडे युरोपात त्याच उच्चनीचतेला विज्ञानाचा मुलामा दिला जात होता.

ब्रह्मदेशात १९०५ साली ब्राह्मण घरात जन्मलेल्या इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा दावा असा, की गोऱ्यांच्या कपाळामागचा उजवा मेंदू मोठा, म्हणून त्यांची कवटी असमान आणि बुद्धी श्रेष्ठ. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानतेचा वंशाशी संबंध आढळला नाही. गुरूला न रुचणारा हा निष्कर्ष त्यांनी तसाच मांडला. फिशर पुढे नाझी पक्षात गेले.

बाबासाहेबांनीही १९४८ साली नाकांची मोजमापे तपासून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे दाखवले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावतीबाई १९७० साली वारल्या. जातीविषयीची त्यांची सगळीच मते आम्हाला मान्य नाहीत. पण कपाळी लिहिलेले भोगा, असे सांगून आमच्या बापजाद्यांना गप्प बसवले गेले. त्या कपाळावर मोठेपणा लिहिलेला नसतो, हे मोजून दाखवणाऱ्या बाईंना आम्ही मानतो.