जोर लावल्याशिवाय न वाहणारे पदार्थ आणि यूजीन बिंगहॅम



आपल्या पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे, हे मुलांना माहीत असतं. त्यासाठी पाणी अडवलंय घाटावरच्या कोयना धरणात. धरण बांधताना पायाच्या खडकातल्या भेगांत सिमेंट-पाण्याचं मिश्रण दाबाने भरतात. त्याला ग्राउट म्हणतात. हे ग्राउट कसं वाहतं आणि कुठे थांबतं, हे ज्यांच्या कामामुळे कळलं, त्या यूजीन बिंगहॅम यांची आज ओळख करून घेऊया.

त्यांचा जन्म 8 डिसेंबर 1878 रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. 1905 मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. पुढे पेनसिल्व्हेनियातील लाफायेट कॉलेजात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. म्हणजे तेही आपल्यासारखे शिक्षकच!

ऑइलपेंट म्हणजे नुसता दाट द्रव, असा तेव्हा समज होता. बिंगहॅम यांनी मोजून दाखवलं की तसं नाही. ताट कलतं केलं की मध हळूहळू का होईना, वाहतोच. टूथपेस्ट मात्र ठरावीक जोर लावेपर्यंत हलत नाही. 1916 साली त्यांचा यावरचा निबंध आणि 1922 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रवाहाच्या या शास्त्राला ‘ऱ्हिऑलॉजी’ हे नाव मिळालं, त्यातही त्यांचा वाटा होता. 6 नोव्हेंबर 1945 रोजी त्यांचं निधन झालं.

सिमेंटचं ग्राउट टूथपेस्टच्याच जातीचं. पंपाचा जोर पुरेनासा झाला की ते भेगेतच थांबतं. दाब तोच ठेवून भेग निम्म्या रुंदीची असली, तर ते साधारण निम्म्याच अंतरावर पोचतं. पाणी वाढवलं तर ते लांब जातं, पण सुकल्यावर कमजोर राहतं.

11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणाला भेगा पडल्या. खाली नदीकाठी गावं होती, म्हणून भेगा आतपर्यंत भरणं गरजेचं होतं. तिथे एपॉक्सी हे चिकट रसायन दाबाने भरलं गेलं. त्यात सिमेंटसारखे कण नसतात आणि ते मधासारखं थोड्या जोरानेही सरकतं, म्हणून बारीक भेगेत शिरतं. नंतर धरणाला मागून काँक्रीटचे टेकूही दिले गेले.

उद्या वर्गात एका ताटलीत मध आणि टूथपेस्ट शेजारी-शेजारी ठेवा, ताटली कलती करा आणि मुलांनाच विचारा, कोण वाहिलं? बिंगहॅम यांचा धडा तिथूनच सुरू होईल.