कुंडलच्या माळावरील पुरुषार्थ

श्री क्षेत्र कुंडल येथे कलिकुंड पार्श्वनाथांच्या आणि डोंगरावरील झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथांच्या दर्शनास रेल्वेने जाणारे श्रावक-श्राविका किर्लोस्करवाडी स्थानकावर उतरतात. या स्थानकाचे मूळ नाव कुंडल रोड. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी त्याच्या आसपास निवडुंगाने व्यापलेला, सापांचा सुळसुळाट असलेला ओसाड माळ होता. सन १९१० मध्ये बेळगावहून उठवला गेलेला एक लहानसा कारखाना पाठीशी घेऊन एक गृहस्थ या माळावर आले. त्यांना एकेचाळिसावे वर्ष चालू होते. ते म्हणजे कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

त्यांचा जन्म दि. २० जून १८६९ रोजी तत्कालीन बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकार व्हावे या ओढीने त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. परंतु काही रंग ओळखण्यास त्यांची दृष्टी असमर्थ आहे असे निदर्शनास आले आणि ती वाट बंद झाली. रंग नसले तरी रेषा हाती होती. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात त्यांनी प्रावीण्य मिळविले व व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते अध्यापक झाले. पुढे बढतीच्या वेळी हिंदी माणूस म्हणून आपल्याला डावलले गेले, हे सहन न होऊन त्यांनी कायम पगाराची ती नोकरी सोडली आणि ते बेळगावी थोरले बंधू रामुअण्णा यांच्याकडे आले. तेथे दोघा भावांचा सायकलविक्रीचा व्यवसाय होता.

दुकान चालू होते, पण लक्ष्मणरावांचे मन परक्या मालाच्या विक्रीत रमेना. शेतकऱ्याच्या उपयोगाची वस्तू स्वतः घडवावी या विचाराने त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर ते लोखंडी नांगराकडे वळले. आपल्याकडील लाकडी नांगर जमीन वरवर ओरखडत असे. खोल गेलेली हराळी त्याने निघत नसे. विलायती लोखंडी नांगर चांगला, पण तो सामान्य कुणब्याच्या आवाक्याबाहेरचा. तसाच नांगर येथे घडविला तर शेतकरी उड्या घेतील अशी कल्पना होती. प्रत्यक्षात लोखंडाने काळी आई विषारी होते, असा समज खेडोपाडी पसरलेला होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

व्यापार करणाऱ्या वाचकास या दोन वर्षांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माल पडून राहिला की त्यावर धूळ बसते. तशीच ती मालकाच्या मनावरही बसते. भांडवल अडकते, ओळखीचे लोक सल्ले देतात, घरातील माणसे बोलत नाहीत पण त्यांचे पाहणे बदलते. लक्ष्मणरावांनी या काळात दोन गोष्टी केल्या. कडबा कापण्याचे यंत्र व अन्य किरकोळ कामे चालू ठेवून त्यांनी कारखान्याचा धूर बंद पडू दिला नाही. आणि नांगराविषयी आलेली प्रत्येक तक्रार शेतकऱ्याचे अज्ञान म्हणून न झटकता ती दुरुस्तीची सूचना म्हणून स्वीकारली. उत्साह टिकविण्यासाठी त्यांनी उत्साहाची वाट पाहिली नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात फार मोलाची वाटते.

नांगर खपू लागला, जम बसला, आणि नेमक्या त्याच वेळी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. विशीत धंदा उठला तर माणूस दुसरे काही पाहतो. चाळिशीत तसे नसते. त्या वेळी त्यांचे पुत्र शंतनुराव सात वर्षांचेही नव्हते, दोन भावांचा संसार कारखान्यावर अवलंबून होता, कारागिरांची कुटुंबे वेगळीच. अशा प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर माळ देऊ केला आणि बिनव्याजी कर्जाचीही सोय केली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे व कुंडल सांगली जिल्ह्यात. पण त्या काळी कुंडल हे औंध संस्थानाचेच गाव होते. बेळगाव आणि कुंडल रोड ही दोन्ही स्थानके एकाच लोहमार्गावर असल्याने यंत्रे आणणे व माल पाठविणे शक्य होते. वैराण जमिनीतही हा एक गुण होताच.

माळावर प्रथम निवडुंग तोडावा लागला. निवारा, पाणी, रस्ते, सारे नव्याने. येथे लक्ष्मणराव एकटे नव्हते हे विसरता कामा नये. कारभाराची बाजू रामुअण्णांनी उचलली. शंभोराव जांभेकर यंत्रविद्येत, मंगेशराव रेगे हिशेबात, तर शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर नव्या कल्पना लढविण्यात पुढे होते. दरोड्याची शिक्षा भोगलेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी चक्क राखणीच्या कामावर नेमले व त्यांनी तो विश्वास सार्थ केला. वसाहतीत अस्पृश्यतेस थारा नव्हता. आपल्यात काय उणे आहे हे ओळखून ते दुसऱ्याच्या हाती निःशंकपणे सोपविणे पुष्कळ कर्तबगार दुकानदारांनाही जमत नाही. सर्व किल्ल्या एकाच कंबरेला असल्या की चाळिशीनंतर ती कंबर वाकते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड मिळेनासे झाले. त्या वेळी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी संस्थानातील जुन्या तोफा उपलब्ध करून दिल्या आणि त्या वितळवून नांगर घडविण्यात आले. ज्या लोखंडाने एकेकाळी माणसे मारली, त्याने आता शेत नांगरले जाऊ लागले. अहिंसाधर्म मानणाऱ्या समाजाने ही घटना अवश्य लक्षात ठेवावी.

या नांगरांच्या विक्रीशी आपल्या समाजातील एका थोर पुरुषाचा संबंध आहे. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव भ्रमंती केली. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. नांगर विकताना शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचे कर्ज आणि निरक्षरता त्यांनी जवळून पाहिली. दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली व १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास आले. फिरत्या विक्रेत्याची पायपीट वाया जात नाही, तिचे फळ मात्र नेहमी रोकडवहीत दिसते असे नाही.

इकडे सन १९२० मध्ये भाऊबंदांच्या या व्यवसायाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप अशी उत्पादने वाढत गेली. याच साली निघालेल्या 'किर्लोस्कर खबर' या पत्रिकेचे पुढे महाराष्ट्रभर वाचल्या जाणाऱ्या मासिकात रूपांतर झाले. पुढील विस्तार सर्वांना ज्ञात आहे.

सन १९४८ च्या प्रारंभी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीची मोठी हानी झाली. लक्ष्मणराव त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. उभ्या हयातीचे काम आपल्याच भागातील लोकांच्या हातून जळताना पाहणे हे बेळगावच्या नोटिशीहून कितीतरी कठोर होते. तरीही कारखाना पुन्हा उभा राहिला आणि परिसरातील त्याच खेड्यांतील माणसे त्यात कामावर येत राहिली. दि. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड हे स्थानकाचे नाव त्यापूर्वीच बदलले होते.