डॉ. अलॉइस अल्झायमर
खेड्यांतील मंडळींत एखादी म्हातारी आपल्या लेकरांस ओळखीनाशी झाली, म्हणजे तिला बाहेरची बाधा झाली असें शेजारी म्हणतात. आणि दुःखाची गोष्ट ही कीं, आपल्यांतीलहि कांहीं जण तसेंच म्हणतात. हा मेंदूचा रोग आहे असें ज्यांनीं दाखविलें, त्यांचें हें अल्प चरित्र आहे.

अल्झायमर ह्यांचा जन्म ता. १४ जून १८६४ रोजीं जर्मनींतील मार्क्टब्राइट गांवीं झाला. त्याच सालीं आपल्या नागपुरांत वेड्यांचें इस्पितळ निघालें. १८८८ सालीं ते फ्रँकफुर्टच्या अशाच इस्पितळांत डॉक्टर झाले. तेथें रोग्यांस बांधून न ठेवतां ऊन पाण्यांत बसवून शांत करीत.

१९०१ सालीं त्यांची पत्नी तीन मुलें मागें ठेवून वारली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ऑगस्टे डेटर नांवाची ५१ वर्षांची बाई इस्पितळांत आली. नवऱ्याचें नांव विचारलें तर ती स्वतःचेंच सांगे. आपलें नांव लिहूं लागली कीं पहिला शब्द लिहून पुढचें विसरे. पानांत मांस व फुलकोबी असतां, पालक खातें म्हणे. डॉक्टरांनीं तिच्याजवळ बसून हें सर्व टिपून ठेविलें. पुढें ते म्युनिकला गेले, तरी तिची विचारपूस त्यांनीं सोडली नाहीं. १९०६ च्या एप्रिलांत ती वारली, तेव्हां त्यांनीं तिचा मेंदू मागवून सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिला. पेशींच्या मध्यें गुठळ्या आणि पेशींच्या आंत गुंतलेले धागे त्यांस आढळले. नोव्हेंबरांत ट्यूबिंगेन येथील विद्वानांच्या सभेंत त्यांनीं हें सांगितलें, पण एकानेंहि प्रश्न विचारला नाहीं! १९१० सालीं त्यांचे वरिष्ठ क्रेपेलीन ह्यांनीं रोगास त्यांचें नांव दिलें.

त्या गुठळ्यांचें द्रव्य निरोगी मेंदूंतहि उत्पन्न होतें, असें आतां कळलें आहे. शेतकरी तण काढतो तसा मेंदू तें काढून टाकीत असतो. पेशींस पोसणारीं व राखणारीं प्रथिनेंहि मेंदू स्वतःच करितो. ह्या रोगांत त्यांपैकीं कांहीं उणीं पडतात, आणि गुठळ्या सांचत जातात. मात्र कित्येक वृद्धांच्या मेंदूंत मरणोत्तर अशा गुठळ्या सांपडल्या, तरी त्यांची स्मृति शेवटपर्यंत शाबूत होती. त्यांस कशानें राखलें, ह्याचा शोध चालू आहे. रोग समूळ जाईल असें औषध अद्याप नाहीं. म्हणून अशा माणसास मांत्रिकाकडे न नेतां डॉक्टरांस दाखवावें, आणि घरांत त्याच्यावर ओरडूं नये.

१९१२ सालीं ब्रेस्लाव येथें प्राध्यापकाची जागा मिळून अल्झायमर निघाले, ते वाटेंतच आजारी पडले. ता. १९ डिसेंबर १९१५ रोजीं, ५१ व्या वर्षीं, ते तेथें वारले. त्यांस फ्रँकफुर्ट येथें पत्नीशेजारीं पुरलें. ऑगस्टेबाईविषयीं त्यांनीं लिहिलेले कागद त्याच शहरांत १९९५ सालीं सांपडले.