हसवता हसवता लढाईचं पितळ उघडं पाडणारे हाशेक

३ जानेवारी ही लेखक यारोस्लाव हाशेक यांची पुण्यतिथी. जन्म १८८३ चा, प्राग शहरातला. वडील शिक्षक, पण ते लवकर गेले. हाशेक यांनी औषधाच्या दुकानात काम केलं, बँकेत केलं. कुठं टिकले नाहीत. प्राण्यांच्या मासिकाचे संपादक झाले, तर जगात नसलेल्याच प्राण्यांची माहिती छापली. तीही नोकरी गेली.

१९१५ ला ऑस्ट्रियाच्या फौजेत जावं लागलं. त्याच वर्षी रशियाच्या कैदेत सापडले. १९२० ला परतले आणि पुढच्याच वर्षी शिपाई श्वेइकची गोष्ट सुरू केली. श्वेइक म्हणजे कुत्री विकणारा साधा गडी. साहेबाचा हुकूम तो अक्षरशः पाळतो, अन् तिथंच घोटाळा होतो. आजारी माणसाला लष्करी डॉक्टर ढोंगी ठरवतात. पुढं अंगावर रशियन कपडे दिसले म्हणून श्वेइकला त्याचीच फौज कैद करते!

तब्येत ढासळल्यावर हाशेक तोंडी सांगून लिहून घ्यायचे. १९२३ ला, वयाच्या ३९ व्या वर्षी ते गेले. पुस्तक अपुरंच राहिलं. एका सहीसाठी ज्यानं कचेरीत हेलपाटे घातलेत, त्याला श्वेइक परका वाटणार नाही.