ताराबाई मोडक: अंगणात शाळा नेणारी बाई



आमच्या अडीच वर्षांच्या लेकीला सध्या दोन नाद लागले आहेत. फ्रॉकची बटणं स्वतःच लावायची आणि व्हिडिओ कॉलवर जो दिसेल त्याला आजी म्हणायचं. काकालासुद्धा! आत्या कोण आणि मावशी कोण हे समजावताना आम्ही दोघं इंजिनिअर हात टेकतो. लहान मुलांना शिकवायचं तरी कसं, हे शोधता शोधता ताराबाई मोडकांपाशी पोचलो.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेर केळकरांचं, प्रार्थना समाजाच्या विचारांचं. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या तेव्हा पदरी लहान मुलगी होती. त्या काळात हे काय असेल, कल्पना करा. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य म्हणून त्यांनी काम केलं. चांगल्या मानाची नोकरी! ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या. गिजुभाईही वकिली सोडून आलेले. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला.

ही मंडळी मारिया माँटेसरींच्या वाटेने जाणारी. माँटेसरींच्या साहित्यात लाकडी चौकटी असतात. त्यांवर कापडाचे दोन पदर ताणलेले, एकीला बटणं, दुसरीला नाड्या, तिसरीला हूक. मूल त्यावर सराव करतं आणि मग आपले कपडे आपण घालतं. कल्पना झकास, पण असं सगळं साहित्य महाग. गरिबाच्या मुलाने काय करायचं?

दादरला १९३६ मध्ये शिशुविहार काढल्यावर ताराबाईंना हाच प्रश्न छळत राहिला असावा. १९४५ मध्ये त्या शहर सोडून बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. मुलं शाळेत येईनात, कारण कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं, कुणाला घरकाम. मग ताराबाईंनी शाळाच वाड्यावस्तीच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, वेणीफणी, स्वच्छ कपडे, मग गाणी-गोष्टी. शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य. मोठी बहीण कडेवरच्या भावाला घेऊन आली तरी चालायचं. अंगणवाडी ती हीच!

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणात शाळा भरली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

आम्ही माझा एक जुना शर्ट कापून पुठ्ठ्यावर ताणला आहे, मोठ्या बटणांचा. लेक अर्धा अर्धा तास त्यात रमते. आजी-आजोबा, काका, आत्या, मावशी यांचे फोटो तिच्या उंचीवर, फ्रिजला लावलेत. एकेकाचे कपडेही ती ओळखते: आजीची साडी, आजोबांचा सदरा.

काकाला आता ती काका म्हणते. आत्या-मावशीचा घोळ मात्र अजून तसाच आहे.