काळा झगा आणि ट्यूलिपचे कंद

फॅशनचे आयुष्य ते केवढे! अळवावरच्या पाण्याइतके. आज ज्या पोशाखावर जीव टाकावा, तोच चार दिवाळ्यांनी बोहारणीच्या टोपल्यात जावा आणि त्याच्या बदल्यात घरात एखादे स्टीलचे पातेले यावे, ही जगाची रीतच आहे. असे असताना १९५३ मध्ये जगाला ठाऊक झालेली आणि १९९३ मध्ये जग सोडून गेलेली एक नटी अजून त्या टोपल्यात गेलेली नाही. आमच्या मुलींच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांत तिची तसबीर आहे. काळा झगा, गळ्यात मोत्यांच्या सरी, उंच बांधलेले केस आणि हातात सिगारेट ओढण्याची ती लांबलचक नळी. तिन्ही खोल्यांत चौकशी केली. तिचा एकही चित्रपट कोणी पाहिलेला नव्हता. चित्रपटावाचून केवळ वेशावर जगणारी अशी नटी विरळाच. तिचे नाव ऑड्री हेपबर्न.

मी तिचे मिळतील तेवढे चित्रपट पाहिले, ग्रंथालयातली आणि ग्रंथालयाबाहेरची चरित्रे वाचली. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली, तीच येथे मांडते आहे. तिच्या पोशाखाची सुरुवात पॅरिसमधल्या शिंप्याच्या दुकानात शोधू नये. ती हॉलंडमधल्या एका उपाशी हिवाळ्यात शोधावी.

ऑड्रीचा जन्म ४ मे १९२९ रोजी बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सला लागून असलेल्या इक्सेल येथे झाला. आई एला व्हॅन हेमस्ट्रा डच उमराव घराण्यातली, तर वडील जोसेफ रस्टन ब्रिटिश प्रजाजन. १९३५ मध्ये वडील घर सोडून गेले. मुलगी पुढे इंग्लंडमध्ये शाळेत होती. पण १९३९ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा हॉलंड तटस्थ राहील या भरवशावर आईने तिला आर्नहेमला नेले. तो भरवसा वर्षभरही टिकला नाही. मे १९४० मध्ये जर्मन फौजा आत शिरल्या. इंग्रजी नाव धोक्याचे, म्हणून तिला एडा हे डच वळणाचे नाव घ्यावे लागले. १९४२ मध्ये तिच्या मावशीच्या यजमानांना जर्मनांनी ओलीस धरले आणि गोळ्या घातल्या.

या सगळ्यात ती नृत्य शिकत होती. खिडक्यांवर काळे पडदे ओढून गुपचूप कार्यक्रम व्हायचे. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून प्रेक्षक टाळ्या वाजवीत नसत, आणि जमलेला पैसा भूमिगत चळवळीकडे जाई. टाळीविना नाचण्याची ही तालीम नटीच्या आयुष्यात फारशी कोणाला मिळत नसेल!

मग १९४४ चा हिवाळा आला. डच रेल्वे कामगारांनी दोस्तांना मदत म्हणून संप पुकारला होता. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी अन्नाची वाहतूक अडवली. त्यात थंडी कडाक्याची. त्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये सुमारे २०,००० माणसे उपासमारीने मेली. आर्नहेमशेजारच्या व्हेल्प गावात ऑड्रीचे कुटुंब ट्यूलिपचे कंद खाऊन राहिले. ज्या फुलांच्या बागा आपण चित्रपटांतल्या गाण्यांत पाहतो, त्याच फुलांचे हे कंद. एप्रिल १९४५ मध्ये सुटका झाली, तेव्हा अजून सोळा वर्षेही पूर्ण न झालेल्या या मुलीला रक्तक्षय होता, कावीळ होती, पायांवर सूज होती. तिची पुढे जगभर वाखाणली गेलेली सडपातळ काया अशी घडली.

या कायेने तिचे पहिले स्वप्न मोडले. १९४८ मध्ये ती लंडनला मारी रॅम्बर्ट यांच्या नृत्यशाळेत गेली. तेथे तिला कळून चुकले की प्रमुख नर्तकी होण्याला तिची पाच फूट सात इंच उंची जास्त पडते आणि उपासाने खंगलेले शरीर कमी पडते. पोट भरण्यासाठी ती संगीतिकांच्या समूहनृत्यात उभी राहिली, किरकोळ चित्रपटांत दिसली. १९५१ मध्ये फ्रेंच लेखिका कोलेत यांनी तिला माँटे कार्लोत पाहिले आणि आपल्या ‘जीजी’ या नाटकाची नायिका म्हणून न्यूयॉर्कला धाडले. १९५३ चा ‘रोमन हॉलिडे’ आणि त्यासाठी मिळालेले ऑस्कर, ही पुढची कथा सर्वांना ठाऊकच आहे.

माझ्या मते खरी कथा १९५३ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये घडली. ‘सब्रिना’ चित्रपटासाठी तिला पॅरिसचे कपडे हवे होते. ह्यूबर्ट द जिव्हाँशी हा सव्वीस वर्षांचा वेशकार नुकताच, १९५२ मध्ये, स्वतःचे दुकान थाटून बसला होता. हेपबर्न येणार असा निरोप मिळाल्यावर त्याची समजूत झाली की तेव्हाची नामवंत कॅथरिन हेपबर्न येणार. प्रत्यक्षात दारात उभी राहिली ती तंग विजार, आखूड सदरा, सपाट जोडे आणि व्हेनिसच्या नावाड्यासारखी गवती टोपी घातलेली एक काटकुळी पोर. त्याने सांगितले की नवे शिवायला वेळ नाही. तिने हट्ट धरला नाही; जे तयार आहे त्यातलेच निवडते म्हणाली. आणि तिने निवडले काय? त्यात एक काळा झगा होता, त्याचा गळा एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सरळ आडवा. गळ्याखालची वर आलेली हाडे त्या आडव्या रेषेखाली झाकली गेली, आणि लांब मान मात्र मोकळी राहिली. आपल्या देहाशी तिने केलेला हा तह होता. जे लपवायचे ते नेमके लपवले आणि उरलेल्याची लाज धरली नाही. आज आपल्याकडच्या शिंपीणकाकू ज्याला बोटनेक म्हणतात, तोच हा गळा. मूळचा खलाशांच्या सदऱ्याचा. पण परदेशात त्याला सब्रिना हे नाव चिकटले.

त्या चित्रपटाच्या वेशभूषेला ऑस्कर मिळाले, ते एडिथ हेड यांच्या नावे. श्रेयनामावलीत जिव्हाँशीचे नाव नव्हते. ही गोष्ट ऑड्रीला लागून राहिली. पुढे आधुनिक वेशातल्या आपल्या चित्रपटांसाठी तिने पुन्हा पुन्हा त्यालाच बोलावले, आणि चाळीस वर्षे दोघांची मैत्री टिकली.

१९५७ च्या ‘फनी फेस’मध्ये पॅरिसच्या तळघरातल्या उपाहारगृहात ती काळा सदरा, काळी विजार आणि काळे सपाट जोडे घालून नाचते. पायमोजेही काळेच हवेत असा तिचा आग्रह होता. दिग्दर्शक स्टॅन्ली डोनेनने पांढऱ्यांचा धरला. ती रडवेली झाली, पण ऐकले. पुढे पडदा पाहून तो बरोबर होता असे तिने त्याला लिहून कळवले. तो होताच बरोबर! त्या पांढऱ्या मोज्यांमुळेच अंधारात तिची पावले दिसतात. कोणी माझे मत विचारील तर ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ (१९६१) मधल्या सुप्रसिद्ध काळ्या झग्यापेक्षा ही विजार अधिक तिची आहे. तो झगा देखणा खरा. पण त्या चित्रपटात जपानी शेजाऱ्याची जी ओंगळ टवाळी केली आहे, ती पाहून माझा तर निम्मा आनंद उडाला.

तिचे अनुकरण कसे करावे याचा उत्तम धडा मात्र आपल्या मुंबईतच मिळतो. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’साठी साधनाचे कपाळ पडद्यावर फार रुंद दिसते, अशी अडचण दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना पडली. त्यांनी ऑड्रीची बट आठवून साधनाच्या कपाळावर केस कापून आणले. साधना कट म्हणून तो देशभर गाजला, आणि आपल्या आया-आज्यांच्या जुन्या छायाचित्रांत आजही सापडतो. पुढे ‘वक्त’ (१९६५) मध्ये कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी साधनाला जो तंग चुडीदार दिला, तोही असाच अंगकाठी ओळखून बेतलेला. साधना काही ऑड्री झाली नाही, साधनाच राहिली; आणि म्हणून शोभली.

आमच्या वसतिगृहात नक्कल होते ती वेगळ्या गोष्टीची. माझ्याच खोलीतल्या मैत्रिणीने गेल्या पावसाळ्यात रात्रीचे जेवण सोडले. मेसचा डबा न उघडता परत जायचा. डोक्याशी भिंतीवर तीच तसबीर. एका रात्री मी तिला ट्यूलिपच्या कंदांची हकिकत सांगितली. ती कंबर कमावलेली नव्हती, नशिबी आलेली होती. आणि पास्ता व चॉकलेट हा त्या बाईचा जन्मभराचा जीव की प्राण होता, हेही सांगितले. तिने ऐकून घेतले, पण उत्तर काही दिले नाही. तसबीर अजून तेथेच आहे.

प्रसिद्धीच्या भर माध्यान्ही, १९६७ नंतर, ऑड्रीने मुलांसाठी चित्रपट जवळजवळ सोडले. दोन विवाह झाले, दोन्ही मोडले. त्यात मी शिरत नाही. मार्च १९८८ मध्ये ती युनिसेफच्या कामासाठी दुष्काळग्रस्त इथिओपियात गेली. १९४५ मध्ये सुटकेनंतर तिच्या हाती पडलेले अन्न आंतरराष्ट्रीय मदतीचेच होते, आणि त्याचे ऋण ती विसरली नव्हती. त्या काळातली तिची छायाचित्रे अवश्य पाहावीत. साधा सदरा, जीनची विजार, मागे बांधलेले केस, चेहऱ्यावर उघड्या सुरकुत्या आणि कडेवर हाडांचा सापळा झालेले मूल. सप्टेंबर १९९२ मध्ये ती सोमालियात होती. तेथून परतल्यावर कर्करोगाचे निदान झाले आणि २० जानेवारी १९९३ रोजी स्वित्झर्लंडमधील राहत्या घरी तिचे देहावसान झाले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जिव्हाँशी होता.

‘टिफनीज’साठी शिवलेल्या काळ्या झग्यांपैकी एक त्याने फ्रेंच लेखक दॉमिनिक लापियेर यांना देऊन टाकला. ५ डिसेंबर २००६ रोजी लंडनला त्याचा लिलाव झाला आणि ४,६७,२०० पौंड आले. लापियेर यांची संस्था आपल्याकडच्या गरिबांसाठी, विशेषतः बंगालमध्ये, काम करीत असे. झग्याचा पैसा तिकडे गेला.