इंद्रवज्र पाहणारा कर्नल

दसरा उलटला, मोसमी पावसाने पाठ फिरवली आणि आभाळ निवळले की मुंबई, पुणे, नाशिकच्या गिरिप्रेमींची पावले अकोले तालुक्याकडे वळू लागतात. शरदातील पहिल्याच भटकंतीसाठी अनेकांच्या यादीत अग्रभागी असतो तो हरिश्चंद्रगड. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), ठाणे आणि पुणे या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर उभा असलेला, सुमारे १४२४ मीटर उंचीचा हा गड १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. सहलीची आखणी करताना वाटा, मुक्काम, पाणी अशी माहिती जमवली जाते आणि त्या माहितीत एक ओळ हमखास सापडते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये कोकणकड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोलाकार इंद्रधनुष्य पाहिले, अशी ती ओळ. वर्षानुवर्षे ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उतरवली जात आहे.

या ओळीतील वर्ष मात्र चुकीचे आहे. १८३५ मध्ये साइक्स हिंदुस्थानात नव्हतेच. त्याआधीच ते लष्करातून निवृत्त होऊन इंग्लंडमध्ये स्थायिक झाले होते. १८३५ हे त्यांचा दख्खनच्या हवामानावरील प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केल्याचे वर्ष. प्रत्यक्ष दर्शन त्याआधी काही वर्षे, दख्खनमधील त्यांच्या भ्रमंतीच्या काळात घडले. तारखेची ही चूक क्षुल्लक वाटेल. पण तिच्यामुळे कड्यावर योगायोगाने आलेला एक हौशी घोडेस्वार तेवढा वाचकाच्या मनात उरतो आणि त्यामागची वर्षानुवर्षांची मेहनत दृष्टीआड होते.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी झाला. यॉर्कशायरमधील घराण्यातील हा मुलगा कोवळ्या वयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाला. १८०४ मध्ये सनद मिळाली तेव्हा त्याचे वय अवघे चौदा वर्षांचे होते आणि पुढल्याच वर्षी लॉर्ड लेकच्या सैन्याने भरतपूरला घातलेल्या फसलेल्या वेढ्यात तो हजर होता. लष्करी चाकरीत राहूनच त्यांनी देशी भाषांचा अभ्यास केला. १८१० च्या सुमारास हिंदुस्थानी व मराठी या दोन्ही भाषांचे दुभाषी म्हणून ते पात्र ठरले होते. नोव्हेंबर १८१७ मधील खडकी आणि पुण्याच्या लढायांत ते कंपनीच्या देशी पलटणींबरोबर लढले. ज्या प्रदेशाचा पुढे त्यांनी एवढ्या जिव्हाळ्याने अभ्यास केला, त्याच प्रदेशातील पेशवाई बुडवणाऱ्या फौजेत ते होते, ही गोष्ट त्यांचे चरित्र सांगताना लपवण्याचे कारण नाही.

१८२० ते १८२४ ही वर्षे त्यांनी युरोपच्या प्रवासात घालवली. ते मुंबईस परतले तेव्हा गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर एक वेगळीच जबाबदारी सोपवली. नव्याने ताब्यात आलेल्या दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड ही चार कलेक्टोरेट त्यांच्या कक्षेत होती. गावे किती, घरे किती, माणसे किती, जमीन कोणत्या वहिवाटीने कसली जाते, पिके कोणती, बाजारभाव काय, मजुरी काय, हे सारे नोंदवायचे होते. कंपनी सरकारला यात रस होता तो अर्थातच महसुलापोटी. साइक्स यांनी मात्र या कामाची व्याख्या स्वतःच रुंदावली. माणसे आणि शेते मोजता मोजता त्यांनी पाऊस, वारा, हवेचा दाब, पक्षी, मासे, श्वापदे, अगदी रेशमाचा कोसला करणारे रानकिडेसुद्धा आपल्या वहीत आणले.

त्यांच्या फिरतीची पद्धत आजच्या नवख्या गिर्यारोहकालाही विचार करायला लावील अशी आहे. डोंगराची उंची ठरवण्यासाठी त्या काळी पाऱ्याचा वायुभारमापक वापरीत. काचेची ही लांबलचक नळी घाटवाटांवर सांभाळणे म्हणजे दिव्यच. एक ठेच लागली की उपकरण निकामी. साइक्स यांनी साध्या तापमापकाचा आधार घेतला. उंची वाढते तसे पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण तीनशे मीटरला एक अंश सेल्सियस इतका हा फरक पडतो. म्हणजे माथ्यावर चूल पेटवून पातेल्यात पाणी ठेवावे, ते किती अंशांवर उकळते ते पाहावे आणि त्यावरून उंचीचा हिशेब मांडावा. या पद्धतीवर त्यांनी पुढे १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीसाठी स्वतंत्र लेख लिहिला. हवेच्या दाबाचे वाचनही ते दिवसातून अनेकदा घेत. दाब सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वाढतो, दुपारी उशिरा उतरतो, रात्री पुन्हा चढतो आणि पहाटे पुन्हा उतरतो, ही दख्खनच्या हवेची नियमित भरती-ओहोटी त्यांनी नोंदींच्या आधारे दाखवून दिली. १८३५ चा प्रबंध मुख्यतः या विषयाचा आहे. हरिश्चंद्रगडाचे इंद्रवज्र त्यात येते ते धुक्याविषयी लिहिण्याच्या ओघात.

त्या नोंदीतील प्रसंग असा. कोकणातून वर आलेल्या धुक्याचा थर गडाच्या वायव्येकडील कड्याच्या माथ्यापेक्षा किंचित उंच चढला होता, पण पठारावर मात्र पसरला नव्हता. हा कडा दोन ते तीन हजार फूट सरळ तुटलेला आहे, असा साइक्स यांचा अंदाज. ते अगदी काठाशी, धुक्याच्या हद्दीबाहेर उभे होते. सूर्य पाठीशी, क्षितिजापासून फारसा वर न आलेला, आणि त्याच्यावर एकही ढग नव्हता. समोर धुक्यात झळझळीत रंगांचे संपूर्ण वर्तुळ उमटले. निम्मे ते उभे होते त्या पातळीच्या वर, निम्मे खाली. मध्यभागी त्यांची स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची ठसठशीत सावली पडली होती, जणू चौकटीत बसवलेले चित्रच. बाहेरच्या बाजूला फिकट रंगांचे दुसरे कडेही होते. धुके जवळ असल्याने वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांपेक्षा अधिक नसावा, हेही त्यांनी लिहून ठेवले. असे दृश्य त्यांना एकदाच नव्हे, तर अनेकदा पाहायला मिळाले.

या नोंदीतील सर्वांत जिवंत भाग त्यांच्या सोबत्यांचा आहे. धुक्यात दिसणाऱ्या आकृती आपल्याच सावल्या आहेत, हे त्या माणसांना पटेना. मग त्यांनी हात हलवून पाहिले, पाय झाडून पाहिले, अंग निरनिराळ्या प्रकारे वाकवून पाहिले आणि वर्तुळातल्या आकृतीही तसेच करतात याची खातरी करून घेतली. साइक्स यांनी या साऱ्याला भाबड्या समजुतीच्या खात्यात टाकले आहे. वास्तविक शंका येताच ती पडताळून पाहणे यालाच प्रयोग म्हणतात आणि त्या सकाळी कोकणकड्यावर तो करणारे कर्नलसाहेब नव्हते, त्यांची माणसे होती. त्यांची नावे प्रबंधात नाहीत.

हा देखावा युरोपात जर्मनीतील ब्रॉकन पर्वताच्या नावाने ओळखला जातो. विमानाची सावली खालच्या ढगांवर पडते तेव्हा तिच्याभोवती दिसणारे रंगीत कडे याच जातीचे. सूर्य, पाहणारा आणि धुक्याचे सूक्ष्म थेंब एका रेषेत आले की प्रकाश पुन्हा सूर्याच्या दिशेने, म्हणजे पाहणाऱ्याकडे परततो आणि त्याचे रंग वेगळे होतात. कोकणकडा पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य पाठीशी हवा असेल तर वेळ सकाळचीच गाठावी लागते. खाली धुके आणि वर निरभ्र आकाश हा मेळ भर पावसाळ्यात क्वचितच बसतो, कारण तेव्हा पठारही ढगांत बुडालेले असते. उन्हाळ्यात धुक्याचाच भरवसा नसतो. पावसाळ्याचा शेवट आणि शरदाचे आरंभीचे दिवस त्यामुळे अधिक आशेचे. सोनकीच्या पिवळ्या फुलांनी पठार भरलेले असते ते याच दिवसांत.

तेव्हा एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा बेत इंद्रवज्राच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. राजूरमार्गे पाचनई गाठावे. नवख्यांसाठी तीच वाट सर्वांत सोपी. पुण्याकडून येणाऱ्यांना खिरेश्वर आणि टोलार खिंडीची वाट आहे, तिची चढण अधिक दमवणारी. बेलपाड्याहून येणारी नळीची वाट अनुभवी गिर्यारोहकांसाठीच राखून ठेवावी. अभयारण्याच्या हद्दीतील प्रवेश, मुक्काम आणि चूल पेटवण्याबाबतचे नियम वनखात्याकडे आधीच विचारून घ्यावेत. दुपारी हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, पुष्करणी आणि गार पाण्याने वेढलेल्या प्रचंड शिवलिंगाची केदारेश्वर गुहा पाहावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यावर जावे. काठाच्या अलीकडे थांबावे. धुक्यात कडा कुठे संपतो ते दिसत नाही आणि ओली कातळधार निसरडी असते. एवढे करूनही वर्तुळ दिसेलच असे नाही.

साइक्स यांच्या नजरेची झेप आकाशापुरती नव्हती. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेकडून त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत दोनशेहून अधिक जाती होत्या आणि त्यांतील कित्येक विज्ञानाला सर्वस्वी नव्या होत्या. एका रातव्याच्या शास्त्रीय नावात त्यांनी मराठ्यांचा उल्लेख गोवला, एका तुरेवाल्या चंडोलाला ‘देवा’ म्हटले, तर एका वटवट्याला ‘रामा’. रानकुत्र्याला त्यांनी दख्खनचे नाव दिले आणि मराठी माणूस त्याला कोळसून म्हणतो, हेही नोंदवले. नंतर १८३९ ते १८४१ या काळात प्रसिद्ध झालेल्या माशांवरील प्रबंधात तर त्यांनी नद्याकाठच्या लोकांच्या तोंडची नावे जवळपास जशीच्या तशी लॅटिन वेषात उभी केली. शिंगटी, नुक्ता, कोळस, खुद्री ही नावे आजही जगभरातील मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत त्याच रूपात आढळतात. मासा जाळ्यातून काढून त्याचे नाव साहेबाला सांगणारा कोळी मात्र इथेही निनावीच राहिला.

हे सारे सुरळीत चालले होते असे नाही. एल्फिन्स्टन १८२७ मध्ये मायदेशी परतले आणि डिसेंबर १८२९ मध्ये सांख्यिकी माहितीचे हे पदच सरकारने रद्द केले. साइक्स यांना लष्करी कामावर रुजू होता आले असते. दप्तर अर्धवट सोडून पलटणीत परतणे हा सोयीचा मार्ग होता, कारण बढतीची वाट तिकडूनच जाई. त्यांनी रजा घेतली आणि काम चालू ठेवले. जानेवारी १८३१ मध्ये ते पुरे झाले, तेव्हाच त्यांनी हिंदुस्थान सोडला. १८३३ मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर ते निवृत्त झाले. ते वर्षभर आधी निघते, तर त्यातील किती भाग छापला गेला असता, हे सांगणे कठीण. सरकारने थांबवलेले काम रजेवर राहून पुरे करणारा अधिकारी कंपनीच्या कारभारात विरळाच म्हणावा लागेल.

इंग्लंडमधील पुढची चाळीस वर्षे मानमरातबाची गेली. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते आणि १८६३ पासून दोन वर्षे ते तिचे अध्यक्षही होते. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक झाले आणि १८५६ मध्ये तिचे अध्यक्ष. कंपनीचे राज्य उलथवू पाहणारा १८५७ चा उठाव अगदी तोंडावर आला असताना ही सूत्रे त्यांच्या हाती होती. त्याच १८५७ मध्ये अ‍ॅबर्डीनमधून ते पार्लमेंटवर निवडून गेले आणि अखेरपर्यंत सभासद राहिले. चीनमधील ब्रिटिश धोरणावर त्यांनी तेथे उघड टीका केली. हवेचा नाद मात्र सुटला नव्हता. भारतातील निरनिराळ्या उंचीवरील ठिकाणांच्या हवामान नोंदींचे विवेचन त्यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केले आणि वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करण्यासाठी बलून सोडण्याच्या ब्रिटिश असोसिएशनच्या उपक्रमातही ते पुढे होते. कड्याच्या काठावरून धुक्याकडे पाहणारा माणूस उतारवयात ढगांच्या वर उपकरणे पाठवण्याच्या खटपटीत होता.

१६ जून १८७२ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. दख्खनच्या चार कलेक्टोरेटचा त्यांचा सांख्यिकी अहवाल अभ्यासकांच्या उपयोगी पडत राहिला, पक्षी आणि मासे त्यांच्या नावानिशी ग्रंथांत राहिले आणि हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्यांसाठी राहिली ती ती एक ओळ. शरदातल्या सहलीची माहिती पुन्हा कुणी छापली, तर तिच्यातले १८३५ हे वर्ष दुरुस्त करून १८२४ ते १८३१ दरम्यानचा काळ असे लिहावे आणि त्या सकाळी धुक्याकडे पाहून हात हलवणाऱ्या माणसांनाही त्यात जागा द्यावी.